खंडारे मॅडमची सावड

खंडारे मॅडमची बॅग उचलण्याची चूक आमच्या कॉलेजात प्रत्येक जण एकदाच करत असे. मी दोनदा केली. पहिल्या वेळी जे झालं ते चुकून झालं असेल, असं मला वाटलं होतं.

प्राणिशास्त्राचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर. मॅडम सकाळी यायच्या त्या सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, खांद्यावर फुगलेली बॅग आणि हातात बारमाही छत्री अशा थाटात. प्रॅक्टिकलच्या मार्कांवर डोळा ठेवलेलं एखादं नवं पोरगं धावत जाऊन म्हणायचं, द्या ना मॅडम, बॅग द्या. मॅडम लगेच देत. वर पोचल्यावर थँक्यू म्हणत. पोरगं खूश. संध्याकाळी कॉलेज सुटलं की मॅडम जिन्याच्या तोंडाशी उभ्या. त्या पोराच्या खांद्यावरची सॅक काढून घेत, आपल्या खांद्याला अडकवत आणि सगळ्या कॉलेजच्या देखत थेट गेटपर्यंत नेऊन देत. मागून ते पोरगं "मॅडम राहू द्या, मॅडम राहू द्या" करत चाललेलं, आणि सायकल स्टँडजवळच्या मुली पोट धरून हसताहेत, हा आमच्या कॉलेजचा ठरलेला करमणुकीचा कार्यक्रम होता.

माझी पाळी आली त्या दिवशी माझ्या सॅकमध्ये पुस्तक एकही नव्हतं. मी मेडशीहून येऊन वाशीमला खोली करून राहत होतो आणि गिरणीतून दळण घेऊन तसाच कॉलेजात आलो होतो. मॅडमनी सॅक उचलली, खांदा जरा वाकला, पाठीवर पिठाचा पांढरा पट्टा उमटला. गेटपाशी सॅक खाली ठेवून त्या एवढंच म्हणाल्या, "लईच वजनदार शिक्षण घेऊन राह्यला रे बापू."

मॅडमच्या दोन भाषा होत्या. वर्गात त्या छापील पुस्तकासारखं मराठी बोलत. लॅबमध्ये शिरल्या, ॲप्रन चढवला, की वऱ्हाडी सुरू. तिसरीही एक होती, ती कमी जणांच्या वाट्याला यायची. मॅडम एखाद्या विद्यार्थ्याला "तुम्ही" म्हणाल्या की समजायचं, याचं काही खरं नाही. आवाज चढायचा नाही. उलट उतरायचा. "तुम्ही जरा बाहेर थांबता का?" असं त्यांनी विचारलेला एक मुलगा त्या सेमिस्टरभर बाहेरच थांबला होता, असं आमचे सीनियर सांगत.

छत्री ऊन-पावसासाठी नव्हती. रस्त्यातून जाताना एखादी बाभूळ किंवा बोरी मनात भरली, की मॅडम छत्री उघडून उलटी धरत आणि काठीने फांदीवर दोन टोले हाणत. छत्रीत टपाटप किडे पडत. मग छत्रीत डोकं घालून उभ्या. वाशीमच्या बसस्टँडसमोर एकदा कुणीतरी त्यांच्या उलट्या छत्रीत नाणं टाकल्याची गोष्ट आहे. मॅडमनी ते नाणं उचललं, त्या माणसाला हाक मारून थांबवलं, आणि त्याला चहा पाजूनच पुढे गेल्या म्हणे. मी हे पाहिलेलं नाही. पण खोटं वाटत नाही. कुणाकडून काही घेतलं की दिवस मावळायच्या आत ते परत करायचं, ही त्यांना खोडच होती.

त्यांचं लग्न झालं होतं का, किती शिकल्या होत्या, पगार किती, यातलं मला काही ठाऊक नाही. विचारायची छाती नव्हती. वाशीमला त्या आपल्या आईसोबत राहत, एवढं माहीत होतं. आणि त्यांचा जीव शेणात अडकला होता, हेही.

शेणात म्हणजे शेणातल्या किड्यांत. शेणाच्या गोळ्या करून उलट्या पायांनी ढकलत नेणारा काळा किडा आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिलेला असतो. मॅडमच्या डोक्यात एकच प्रश्न होता. आपल्या भागात बैल कमी होत चालले, ट्रॅक्टर आले, मग या किड्यांचं काय झालं? ज्यांच्या वावरात अजून गुरं फिरतात तिथे कोणते किडे आहेत, आणि जिथे फिरत नाहीत तिथे कोणते? प्रश्न साधा, पण त्याच्यासाठी कुणी पैसे द्यायला तयार नव्हतं. मॅडम स्वतःच्या खर्चाने, रविवारच्या रविवारी, एकट्याच हे काम करत. एक विद्यार्थिनी मदतीला असायची, तिचं लग्न होऊन ती रिसोडला गेली. हात कमी पडला.

त्याच सुमाराला माझं नशीब उघडलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुण्यातल्या एका मोठ्या संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत संशोधनाचं काम शिकायला मिळणार होतं. राहायची सोय आणि वर दरमहा विद्यावेतन. मॅडमनीच मला अर्ज भरायला लावला होता, शिफारसही त्यांचीच. माझी निवड झाली. माझ्या आधी आमच्या कॉलेजातून कुणाची झाली नव्हती.

आता इथे कुठल्याही शहाण्या मुलाने बॅग भरली असती. मी विचार करायला बसलो. माझा स्वभावच तसा, जिथे विचाराची गरज नसते तिथे मी खोलात जातो. मोबाइलवर त्या दिवसांत मी पैशांपेक्षा ध्येय मोठं असतं वगैरे सांगणारे व्हिडिओ बघत असे. एकीकडे पैसे देणारं काम, दुसरीकडे एकट्या झगडणाऱ्या मॅडम. त्यागाची एवढी सुवर्णसंधी पुन्हा येणार नव्हती. मी पुण्याला मेल पाठवला: मनःपूर्वक आभार, पण मी येऊ शकत नाही. कुणाला विचारलं नाही. घरी सांगितलं नाही. मग केस विंचरून लॅबमध्ये गेलो आणि मॅडमना सांगितलं की मी पुणे नाकारलं, आता सुट्टीभर तुमच्यासोबत काम करणार, आणि मला एक रुपयाही नको.

मॅडमचा हात चिमट्यावर होता तो तिथेच थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती.

"तुम्ही मेल पाठवून दिला?" मॅडम म्हणाल्या.

'तुम्ही' ऐकलं आणि मी दाराकडे पाहिलं. मी हो म्हणालो. मॅडमनी लगेच पुण्याला फोन लावला. पलीकडच्या माणसाशी पाच-सहा वाक्यं इंग्रजीत बोलल्या. ती जागा तासाभरापूर्वीच यादीतल्या पुढच्या मुलीला देऊन झाली होती. फोन ठेवून त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि घरची चौकशी सुरू केली. वावर किती, कोण कोण राबतं, जूनमध्ये काय होतं. मी सांगितलं. बाबांचा गुडघा गेलेला, उठता-बसता त्रास. पेरणीपासून निंदनापर्यंत, म्हणजे पिकातलं गवत काढेपर्यंत, सुट्टीत माझाच हात असतो. पुण्याला गेलो असतो तर काय केलं असतं, असं त्यांनी विचारलं.

"तं तुह्या पैशातून माणूस लावला असता," मॅडमनीच उत्तर दिलं. "आन आता?"

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"म्हणजे तू इथी फुकट काम करणार, आन तुह्या जागी तुह्या मायनं तिथी करायचं. फुकट काई नसते रे. करणारा एक असते, भोगणारा दुसरा असते." मग त्यांनी विचारलं, "पुण्याची भीती वाटली काय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं शिताफीने टाळलं होतं. तिथली मुलं कसं इंग्रजी बोलत असतील, मेसमध्ये कुणाशी बोलायचं, हे सगळं त्या त्यागाच्या खाली दाबून ठेवलेलं होतं. मी मान हलवली, ती कोणत्या दिशेने हलवली ते मलाच कळलं नाही. मॅडमना कळलं असावं. त्या पुन्हा कधी तो विषय बोलल्या नाहीत.

मग त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. मॅडम बौद्ध समाजातल्या. त्यांच्या आजोबांना तरुणपणी गावकीची कामं करावी लागत. मयतीचा सांगावा घेऊन गावोगाव चालत जायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं. मजुरीचं नाव नाही, दारोदार उभं राहून मिळतील ते तुकडे. छप्पन साली दीक्षा घेऊन ते घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं तर गेले नाहीत.

"घरच्याईले त्यानं सांगून ठेवलं होतं," मॅडम म्हणाल्या, "आजपासून फुकटचं काम करायचं नाई आन कोणाकडून करून घ्यायचंबी नाई. त्या घरातली पोरगी मी. तुले मी फुकट राबवू?"

मला माझ्या आजोबांच्या आजोबांच्या दारात कोण उभं राहत असेल, ते पहिल्यांदाच डोळ्यापुढे आलं. मॅडमनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी फडक्याने भिंग पुसलं आणि म्हणाल्या, "पैसे तं तुले नको. पण तुमच्या गावात सावड करतात ना?"

सावड म्हणजे आज तू माझ्या वावरात, उद्या मी तुझ्या. मजूर परवडत नाही अशी दोन घरं आपसात हात उसने घेतात. पैसा नाही आणि उपकारही नाही. मी म्हणालो, करतात की.

"मंग झालं तं. मे महिन्यात तू माह्यासंगं शेणात. पेरण्या होऊन निंदन लागलं, का मी तुह्या वावरात."

मी हसलो. मॅडम हसल्या नाहीत.

घरी ही बातमी मी हप्त्या-हप्त्याने सांगितली. आधी पुण्याची जागा मिळाली होती ते, मग ती गेली ते, आणि शेवटी शेण. पुण्याचं ऐकून बाबांना जेवढं वाईट वाटलं त्याहून जास्त शेणाचं ऐकून वाटलं. "गोठ्यातलं शेण काढाचं काम पडू नये म्हणून याले कॉलेजात टाकलं," ते आईला सांगत होते, मी समोरच बसलेला असून, "आन हे पोट्टं कॉलेजात जाऊन शेणच काढून राह्यलं." सावडीचा भाग मी गाळला. मॅडम विसरतील, असं मला वाटत होतं. त्यांची ती बॅगेची तऱ्हा दोनदा अनुभवूनही असं वाटू शकणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

काम सोपं होतं. प्लास्टिकचा डबा जमिनीत तोंडापर्यंत पुरायचा, त्यात थोडं साबणाचं पाणी. वर दोन काड्या आडव्या ठेवून त्यांना कापडाच्या पोटलीत बांधलेलं ताजं शेण लटकवायचं. वासाने किडा येतो, डब्यात पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन डबे उचलायचे. मॅडमनी चार-पाच गावांतली वावरं निवडली होती. मेडशीची जबाबदारी माझ्यावर, कारण ते माझं गाव. पोटल्यांसाठी मॅडमनी पांढरं मलमलीचं कापड दिलं होतं. ते मी खोलीवरच विसरलो. आईच्या शिलाई मशीनखाली लाल चिंध्या पडलेल्या होत्या, त्या घेतल्या. सुतळी सापडेना, तेव्हा काळा दोरा घेतला. आणि शेजारच्या किसनकाकांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सावली बरी पडते म्हणून तिथे तीन डबे पुरून आलो. किसनकाकांना सांगायचं राहिलं. त्या दिवशी अमावस्या होती, हे मला दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने मिळून सांगितलं.

सकाळी मॅडमना बसस्टॉपवरून घेऊन मी वावराकडे गेलो तर धुऱ्यावर गर्दी. मधोमध माझे डबे, त्यांच्यावर काळ्या दोऱ्याने बांधलेल्या लाल पोटल्या लोंबकळताहेत, आणि समोर किसनकाका डोक्याला हात लावून उकिडवे बसलेले. आदल्या महिन्यात त्यांची म्हैस आटली होती, त्याचा उलगडा त्यांना आज झाला होता. कुणीतरी अगरबत्ती लावली होती. नारळ आणलेला होता. डब्याला हात कुणी लावायचा यावर चर्चा चालू होती आणि जो तो दुसऱ्याचं नाव सुचवत होता. आमचे बाबा काठी टेकत सगळ्यात मागे उभे होते. लाल कापड त्यांनी ओळखलं होतं. माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं ते मी इथे लिहू शकत नाही.

आता मॅडम अंधश्रद्धेवर बोलतील, असं मला वाटलं. कॉलेजात त्या विषयावर त्यांची भाषणं व्हायची. पण मॅडम पदर खोचून किसनकाकांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"काका, हे करणी माह्या या पोट्ट्याची हाय," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यावर नाई, किड्यावर हाय." आणि पोटली सोडून आतलं शेण त्यांनी सगळ्यांना दाखवलं. मग डब्यात हात घालून एक किडा तळहातावर घेतला, किसनकाकांच्या तळहातावर ठेवला. पुढचा अर्धा तास सगळं गाव त्या किड्याचे पाय बघत होतं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "नारळ आणलाच हाय तं फोडा. खोबरं कायले वाया घालता?" खोबरं वाटलं गेलं. किसनकाकांनी मला मोठा तुकडा दिला, जरा जोरात.

परतताना मी मॅडमना म्हणालो, लोक किती घाबरट असतात ना.

"त्यांचं काय चुकलं?" मॅडम थांबल्या. "माझ्या धुऱ्यावर अमावास्येला लाल पोटली लटकलेली दिसली असती तर मीही दचकले असते. त्यांच्या जागेत तुम्ही न विचारता गेलात. विचारायला तुमचं काय जात होतं?"

शुद्ध भाषा आणि तुम्ही, दोन्ही एकदम. त्यानंतर आजतागायत मी कुणाच्या वावरात परवानगीशिवाय पाय ठेवलेला नाही. त्या दिवसाची भरपाई म्हणून मॅडमनी किसनकाकांच्या म्हशीसाठी वाशीमच्या डॉक्टरांना सोबत घेऊन यायचं कबूल केलं आणि पुढच्या रविवारी घेऊन आल्या. म्हैस पुढे दूध देऊ लागली. किसनकाका मात्र शेवटपर्यंत श्रेय किड्याला देत राहिले.

जुलै आला. सोयाबीन वर आलं, त्याच्यासोबत गवतही. एका शनिवारी मी कामासाठी मॅडमच्या घरी गेलो होतो. दारातूनच त्यांच्या आईचा आवाज ऐकू आला. आजीचं वय झालेलं, पण आवाजाचं नव्हतं.

"दुसऱ्याईचे वावरं निंदून निंदून म्या तुले शिकोलं," आजी म्हणत होत्या. "तू प्रोफेसर झाली. आन आता तू निंदाले चालली? लोकं काय म्हनतीन?"

"माय, तू मजुरीनं जात होती. मी सावडीनं चालली. त्या पोराचं काम म्या घेतलं, ते फेडाचं नाई?"

"पैसे देऊन टाक ना मंग."

"तो घेत नाई. त्याले लई मोठा त्याग करायचा होता," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या दिशेने बघून आत बोलावलं. आजींनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. मग उठल्या, आत गेल्या आणि एक जुनं खुरपं घेऊन आल्या. लाकडी मूठ घासून घासून बोटांच्या आकाराची झालेली. त्यांनी ते मॅडमच्या बॅगेत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मॅडम मेडशीला हजर. आता घरी सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबा ऐकून खाटेवरच बसले. मास्तरीनबाई आपल्या वावरात निंदणार, गावात तोंड कसं दाखवायचं? ते मॅडमना घरात बसा, चहा घ्या, पंखा लावतो, असं म्हणत राहिले. मॅडमनी चहा घेतला, पंख्याला नमस्कार केला, आणि आईला विचारलं, "ताई, कोणती ओळ माझी?"

आईने त्यांना मुद्दामच गवताळ ओळ दिली. तिला वाटलं, अर्ध्या तासात बाई कंटाळतील आणि सगळ्यांची अब्रू वाचेल. मॅडम दुपारपर्यंत मान वर न करता आईच्या बरोबरीने सरकत होत्या. मधेच एखादा किडा दिसला की थांबत, चिमटीत धरून डबीत टाकत आणि मागे पडलेलं अंतर भरून काढत. सगळ्यात मागे मी होतो. निंदायला आलेल्या बायका मला पाहून हसत होत्या आणि मॅडमना पाहून पदर सारखा करत होत्या.

जेवायला सगळ्या कडुलिंबाखाली बसल्या. मॅडमनी डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि रीतीप्रमाणे डबा मधे सरकवला. एकही हात पुढे आला नाही. का नाही, ते सगळ्यांना कळत होतं. माझी काकू म्हणाली, तिला आज उपास आहे. सकाळी तिने माझ्यासमोर पोळी खाल्लेली होती. मॅडम म्हणाल्या, "मंग शेंगदाणे घ्या ताई, ते चालतात," आणि बॅगेतून पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. चेहऱ्यावर काही नाही. मी मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात आईने हात लांब करून मॅडमच्या डब्यातली भाकर मोडली, तिच्यावर ठेचा घेतला, आणि पहिल्या घासालाच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बाई, हा ठेचा हाय का बदला?" आई म्हणाली. सगळ्या हसल्या. डबा फिरला. पुढच्या रविवारी काकूला उपास नव्हता, आणि ठेचा तिनेच मागून घेतला.

मॅडम त्या पावसाळ्यात जवळजवळ प्रत्येक रविवारी आल्या. मी मे महिन्यात जितकं काम केलं होतं तितकं त्यांनी फेडलं. बाबांनी तिसऱ्या खेपेपासून लाजणं सोडलं आणि धुऱ्यावर खुर्ची टाकून त्यांच्याशी पिकापाण्याच्या गप्पा मारू लागले. आमचं वावर त्या वर्षी गावात सगळ्यात स्वच्छ होतं. पण मला त्याहून जे मिळालं ते सांगणं कठीण आहे. ओळीत शेजारी बसून निंदताना मॅडम मला इंग्रजीत प्रश्न विचारायच्या. हा किडा कुठे सापडला, का सापडला, तुला कसं माहीत. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत उत्तर द्यायचो, हात चालू असल्यामुळे लाजायला वेळ नसायचा. त्या बायकांना यातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे चुकलं तरी हसायला कुणी नाही. आई मात्र मधूनच विचारायची, "बरोबर सांगून राह्यला काय तो?" आणि मॅडम म्हणायच्या, "अर्धं."

पुढच्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रवेशाची मुलाखत पुण्यातच झाली. समोर तीन जण. त्यांनी विचारलं, सुट्टीत काय केलंत? मी सुरू झालो तो त्यांनी हात वर करेपर्यंत थांबलो नाही. इंग्रजी कसं होतं, विचारू नका. एक जण हसत म्हणाले, शेणावर एवढं बोलणारा उमेदवार आम्ही पहिल्यांदाच बघतोय. प्रवेश मिळाला. आज मी तिथेच पीएच.डी. करतो, किड्यांवरच. मॅडम निवृत्त झाल्या आणि आईला घेऊन नागपूरला भावाजवळ राहायला गेल्या. फोन होतात. माझ्या प्रत्येक लेखातल्या चुका त्या अजून कळवतात. अर्धं बरोबर आहे, म्हणतात. भेट मात्र राहून गेली आहे, म्हणून त्यांची शेवटची आठवण मला पुण्याला निघालो त्या दिवसाचीच आहे.

संध्याकाळची गाडी होती. आई मला पोचवायला वाशीमपर्यंत आली, असं मला वाटत होतं. तिचा बेत वेगळा होता. त्या वर्षीही निंदनाला मॅडम दोन रविवार येऊन गेल्या होत्या. माझ्याकडून त्यांनी त्या वर्षी काही काम घेतलेलं नव्हतं, मी अभ्यासात होतो. हे दोन दिवस आईच्या मनात सलत होते. बसस्टँडवरून ती थेट कॉलेजकडे वळली, तीन मजले चढली आणि लॅबच्या दारात उभी राहून मॅडमना म्हणाली, "सांगा, काय कराचं हाय ते."

मला वाटलं, मॅडम हसून तिला बसवतील आणि चहा मागवतील. मॅडमनी खुंटीवरचा ॲप्रन काढून आईच्या हातात दिला. मग ट्रे पुढे ठेवला, चिमटा कसा धरायचा ते दाखवलं, आणि दोघी कामाला लागल्या. पाण्यातून काढलेले किडे कापसावर ओळीने मांडायचे, लहान एकीकडे, मोठे एकीकडे. आईने नऊवारीवर ॲप्रन घातलेला. डोळे बारीक केलेले.

मी खाली जाऊन गाडीची चौकशी केली, दोन समोसे खाल्ले, निरोप घ्यायला पुन्हा वर आलो. दोघींची डोकी एका दिव्याखाली, एकमेकींना जवळजवळ टेकलेली.

"पाय नका मोडू ताई, तोच पाहाचा हाय," मॅडम म्हणत होत्या.

"म्या नाई मोडला. मोडकाच आलता तो," आई म्हणाली.

मी म्हणालो, मी निघतो. नमस्कार करायला वाकणार होतो.

"हो," आई म्हणाली.

"हो, दार लोटून घे रे. वाऱ्यानं कापूस हलते," मॅडम म्हणाल्या. कुणीच मान वर केली नाही.

मी बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं. आत कुणीतरी मोठ्याने हसलं. आई हसली की मॅडम, ते मला कळलं नाही.